दोन पानांचा अर्ज

आमच्या विभागाच्या उन्हाळी संशोधन अनुदानासाठी मी पहिल्यांदा अर्ज केला तेव्हा तो नामंजूर झाला आणि दुसऱ्यांदा केला तेव्हा मागितले त्याहून कमी पैसे मिळाले. दोन्ही वेळी विषय आनंदीबाई जोशी यांच्याभोवतीचाच होता, फिलाडेल्फियातले अभिलेखागार तेच होते आणि शिफारसपत्र लिहिणाऱ्या मार्गदर्शक बाईही त्याच होत्या. मधल्या वर्षात काय बदलले, ते अमेरिकन स्टडीजमध्ये पीएच.डी. करायला निघालेल्या मराठी विद्यार्थ्यांच्या उपयोगी पडेल असे वाटल्यामुळे हे लिहीत आहे. विद्यापीठाचे नाव मुद्दाम देत नाही. अमेरिकेच्या मध्य-पश्चिमेतले ते एक सार्वजनिक विद्यापीठ आहे आणि तिथली पद्धत थोड्याफार फरकाने इतरत्रही सापडते.

अमेरिकन स्टडीज म्हणजे निव्वळ अमेरिकेचा इतिहास नव्हे आणि निव्वळ अमेरिकन साहित्यही नव्हे. कायदे, धर्म, वंश, छायाचित्रे, जाहिराती, वसतिगृहांचे नियम अशी कोणतीही सामग्री हाताशी घेऊन अमेरिका नावाचा समाज कसा घडला, त्यात कोणाला घेतले गेले आणि कोणाला दाराबाहेर ठेवले गेले, हे विचारणारी ती विद्याशाखा आहे. तिची अमेरिकेतली राष्ट्रीय संघटना १९५१ मध्ये स्थापन झाली. आपल्याकडे १९६४ मध्ये हैदराबादला उस्मानिया विद्यापीठाच्या आवारात अमेरिकन स्टडीज रिसर्च सेंटर सुरू झाले आणि आपल्याकडचे इंग्रजीचे प्राध्यापकही सुट्टीत तिथल्या ग्रंथालयात वाचायला जात. एम.ए.ला मला शिकवणाऱ्या बाई त्यांच्यापैकीच एक. संशोधनासाठी कोणाकडे तरी रीतसर पैसे मागायचे असतात आणि त्यात संकोच वाटण्यासारखे काही नसते, हे आपल्याला हैदराबादला कळले, असे त्या सांगत. मला ते कळायला अमेरिकेत जावे लागले, आणि संकोच जायला आणखी दोन वर्षे.

मी कल्याणची. कल्याणच्या मुलीने आनंदीबाई जोशी यांच्यावर संशोधन करावे यात कोणाला नवल वाटत नाही. उलट मी दुसरा कोणताही विषय घेतला असता तर नातेवाइकांनी कारण विचारले असते. १८६५ मध्ये जन्मलेल्या, १८८६ च्या मार्चमध्ये फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनियातून एम.डी. झालेल्या आणि पुढच्याच वर्षी फेब्रुवारीत पुण्यात वारलेल्या आनंदीबाईंची कथा आम्ही शाळेत असल्यापासून ऐकत आलो होतो. ही ओळखच पहिल्या अर्जाच्या मुळावर आली.

तत्पूर्वी पैशांची स्थिती सांगितली पाहिजे. पीएच.डी.च्या विद्यार्थ्याला शिकवण्याच्या कामाबद्दल जे मानधन मिळते ते आमच्याकडे नऊ महिन्यांचे असते. मेच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत खात्यात काहीही जमा होत नाही, आणि अभिलेखागारात जाऊन बसण्याचा काळ नेमका तोच. अमेरिकन विद्यार्थ्यांसाठी या काळात सरकारी पाठ्यवृत्त्यांचा आधार असतो, पण त्यांतल्या पुष्कळशा अमेरिकेच्या नागरिकांसाठी किंवा कायम वास्तव्याचा परवाना असलेल्यांसाठी राखीव आहेत. फुलब्राइट-हेजची प्रबंध-संशोधन पाठ्यवृत्ती आणि नॅशनल सायन्स फाउंडेशनची पदवीधर पाठ्यवृत्ती ही त्याची ठळक उदाहरणे. एफ-१ व्हिसावर, म्हणजे परदेशी विद्यार्थ्याच्या परवान्यावर, आलेल्या माणसाने यादी वाचत जावे आणि प्रत्येक ठिकाणी पात्रतेच्या दुसऱ्या ओळीवर थांबावे, असा तो प्रकार असतो. अमेरिका कोणाला आत घेते याचा अभ्यास करायला आलेल्या विद्यार्थ्यांना हे उत्तर अर्जाच्या पहिल्या पानावरच मिळते, हा विनोद आमच्या वर्गात बराच चालत असे.

भारतातल्या विद्यापीठात नोंदणी करून प्रबंध लिहिणाऱ्यांसाठी मात्र वेगळी वाट आहे. भारत आणि अमेरिका यांच्यात शैक्षणिक देवाणघेवाणीचा फुलब्राइट करार १९५० मध्ये झाला, २००८ पासून दोन्ही सरकारे मिळून खर्च उचलतात आणि त्या पाठ्यवृत्त्यांना फुलब्राइट-नेहरू असे नाव आहे. त्यांतल्या डॉक्टरेट संशोधनाच्या पाठ्यवृत्तीवर सहा ते नऊ महिने अमेरिकेत राहता येते. माझी एक मैत्रीण त्या मार्गाने आली. अशा पाहुण्या अभ्यासकांना मिळणाऱ्या जे-१ व्हिसाच्या अटीनुसार नंतर दोन वर्षे मायदेशी राहावे लागते, याची तिला आधीच कल्पना होती आणि तिला परतायचेच होते. मी पूर्ण वेळ अमेरिकेतच दाखल झाल्यामुळे ती वाट माझ्यासाठी बंद होती. माझ्या हाती उरले ते विभागाचे आणि विद्यापीठाचे छोटे पैसे.

हे छोटे पैसे अनेक नावांनी येतात. परिषदेत निबंध वाचायला जाण्यासाठी प्रवास अनुदान, वर्षातल्या उत्तम सेमिनार-निबंधाला पारितोषिक, चांगल्या अध्यापनासाठी पुरस्कार, शेवटच्या वर्षात फक्त लिहिण्यासाठी प्रबंधपूर्ती पाठ्यवृत्ती आणि उन्हाळ्यासाठी संशोधन अनुदान. यांतल्या पारितोषिकांना अर्ज म्हणावा असा नसतो. आधीच लिहिलेला निबंध पुढे करायचा असतो. राष्ट्रीय संघटनेचेही तसेच आहे: वार्षिक अधिवेशनात विद्यार्थ्याने वाचलेल्या उत्तम निबंधाला वाइझ-सुसमान पारितोषिक आणि उत्तम प्रबंधाला राल्फ हेन्री गेब्रिएल पारितोषिक देतात. ही झालेल्या कामाची पावती असते. अनुदानाचा अर्ज मात्र न झालेल्या कामाविषयी लिहायचा असतो, आणि मला त्याची मुळीच सवय नव्हती.

जानेवारीत सूचना आली. दोन पानांचा प्रस्ताव, एक पान अंदाजपत्रक, एक पान स्वतःची माहिती, मार्गदर्शकांचे पत्र आणि मुदत फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत. पहिल्या वर्षी मी प्रस्तावाची सुरुवात महात्मा फुल्यांपासून केली. त्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हे पुस्तक गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केले होते, ही गोष्ट समितीला सांगितल्याशिवाय मला पुढे जाववेना. तिथून मी आनंदीबाईंकडे आले, त्यांच्या पदवीदान समारंभाला हजर राहिलेल्या पंडिता रमाबाईंकडे वळले आणि बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेलेल्या डॉ. आंबेडकरांपर्यंत पोहोचले. दीड पान तिथेच संपले. उरलेल्या अर्ध्या पानात फिलाडेल्फियाला जाऊन आनंदीबाईंची कागदपत्रे पाहायची आहेत, एवढे लिहिले. वाचून मला स्वतःलाच गहिवरून आले होते, हे आज सांगायला थोडी लाज वाटते.

नकाराचे पत्र दोन ओळींचे होते. आमच्या विभागात नामंजूर अर्जदाराला समितीच्या एका सदस्याला भेटण्याची मुभा असते आणि पुष्कळ जण अपमान वाटून ती वापरत नाहीत. मी गेले. ज्या प्राध्यापकांशी भेट झाली त्यांनी अर्ज समोर ठेवला आणि शांतपणे सांगितले की यात एकामागून एक थोर माणसे चालत जातात, पण प्रश्न कुठेच नाही. ही मिरवणूक आहे, असे मी मनात म्हटले. मग त्यांनी दोन गोष्टी विचारल्या. ज्या कागदपत्रांसाठी पैसे मागता आहात त्यांतली किती आधीच संगणकावर उपलब्ध आहेत? आणि या बाईंविषयी कळल्याने अमेरिकेविषयी काय कळेल? पहिल्या प्रश्नाचे उत्तर मला ठाऊक असायला हवे होते आणि नव्हते. दुसऱ्याचे उत्तर असू शकते, हेच माझ्या लक्षात आले नव्हते. आमच्या घरी आनंदीबाई अमेरिकेत गेल्या असे म्हणतात; अमेरिकेने त्यांना का येऊ दिले, असे कोणी विचारत नाही.

त्या उन्हाळ्यात मी विद्यापीठाच्या ग्रंथालयात पुस्तके लावण्याचे काम केले आणि फावल्या वेळात उपलब्ध होते तेवढे सगळे वाचले. आनंदीबाईंच्या महाविद्यालयाची कागदपत्रे आज फिलाडेल्फियातल्या ड्रेक्सेल विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या लेगसी सेंटरमध्ये आहेत आणि आनंदीबाईंशी संबंधित महत्त्वाची कागदपत्रे खरोखरच घरबसल्या पाहता येतात. त्यांत जून १८८३ मध्ये न्यू जर्सीतल्या रोसेलहून त्यांनी महाविद्यालयाला लिहिलेले प्रवेशाचे पत्र आहे. आपली तयारी प्रवेशाच्या सगळ्या अटींत बसणार नाही कदाचित, पण आप्तांचा आणि जातीचा विरोध पत्करून ज्या निर्धाराने आपण इथवर आलो तो जमेस धरला जावा, अशा आशयाचे ते पत्र आहे. आपल्याला किती भाषा येतात तेही त्यांनी त्यात सांगितले आहे. अठरा वर्षांच्या मुलीने लिहिलेला तो अर्जच होता, आणि माझ्या अर्जापेक्षा कितीतरी नेमका. तिला काय हवे आहे, कशासाठी हवे आहे आणि आपल्यात काय कमी आहे, हे तिने काही ओळींत सांगून टाकले होते.

पत्रावरची तारीख मात्र माझ्या कामी आली. १८८३ चा जून. चिनी मजुरांना अमेरिकेत येण्यास बंदी करणारा कायदा १८८२ च्या मे महिन्यात झाला होता. म्हणजे एका आशियाई समूहासाठी दार लावून जेमतेम वर्ष झाले असताना दुसऱ्या आशियाई देशातली एक मुलगी न्यूयॉर्कला उतरली आणि तिला घर, शिक्षण, वर्तमानपत्रांत प्रसिद्धी, सगळे मिळाले. १० ऑक्टोबर १८८५ या तारखेचे ते प्रसिद्ध छायाचित्र मी लहानपणापासून पाहत आले होते: नऊवारीतल्या आनंदीबाई, किमोनोतल्या जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या सबात इस्लांबूली. आता त्याच्याकडे पाहताना वेगळा प्रश्न पडू लागला. या तिघींना आपापल्या देशाच्या पोशाखात एका ओळीत बसवून छायाचित्र काढण्याची गरज त्या महाविद्यालयाला का वाटली असावी? मिशनांना देणग्या देणाऱ्या, स्त्रियांच्या वैद्यकीय शिक्षणासाठी झगडणाऱ्या अमेरिकन स्त्रियांना या पाहुण्यांमध्ये स्वतःविषयी काय दिसत होते? इथे संशोधनाचा विषय आनंदीबाई न राहता त्यांच्याकडे पाहणाऱ्या स्त्रिया झाल्या: आनंदीबाईंच्या यजमान, रोसेलच्या थिओडिशिया कार्पेंटर, महाविद्यालयाच्या डीन रेचल बॉडली आणि १८८८ मध्ये बोस्टनहून आनंदीबाईंचे इंग्रजी चरित्र प्रसिद्ध करणाऱ्या कॅरोलाइन डॉल. हे मान्य करताना मला थोडे वाईट वाटले. आपल्या माणसाला मधोमध ठेवून बाजूला सरकायचे, असे काहीसे ते होते.

दुसऱ्या वर्षीचा प्रस्ताव मी अकरा वेळा लिहिला. पहिल्या परिच्छेदात १८८२ चा कायदा आणि १८८३ चे पत्र शेजारी ठेवले आणि प्रश्न एका वाक्यात विचारला. फुले, रमाबाई आणि आंबेडकर गेले. रमाबाई नंतर एका ओळीपुरत्या परत आल्या, कारण त्यांच्या १८८७ च्या इंग्रजी पुस्तकाला प्रस्तावना बॉडली यांनीच लिहिली आहे आणि हा दुवा प्रश्नाला धरून होता. यापेक्षा जास्त वेळ गेला तो कोणती सामग्री पाहण्यासाठी प्रत्यक्ष जावे लागेल हे ठरवण्यात. त्यासाठी संग्रहसूची वाचाव्या लागतात. पेटी क्रमांक, फोल्डर क्रमांक, कोणत्या सालापासून कोणत्या सालापर्यंत, एवढेच त्यात असते, पण त्याच आधारावर समितीला खात्री पटते की अर्जदाराने घरचा अभ्यास केला आहे. डॉल यांच्या रोजनिशा आणि पत्रव्यवहार बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स हिस्टॉरिकल सोसायटीत आहेत. ही संस्था १७९१ पासूनची. मी दोन्हीकडच्या अभिलेखपालांना पत्रे लिहिली. दोघांनीही तीन दिवसांच्या आत सविस्तर उत्तर दिले आणि त्यांतल्या एकाने मी मागितलेल्या पेटीऐवजी दुसरीच पेटी पाहावी असे सुचवले. ते उत्तर मी प्रस्तावात उद्धृत केले. अभिलेखपालाशी आधी झालेला पत्रव्यवहार अर्जात दिसला की त्याचे वजन वाढते, हे मार्गदर्शक बाईंनी सांगितले होते आणि ते खरे ठरले.

अंदाजपत्रकात मी भारतीय पद्धतीने काटकसर दाखवली होती: ओळखीच्यांकडे मुक्काम, जेवणाला रोज दहा डॉलर. बाईंनी ते पाहून डोक्याला हात लावला. असे अंदाजपत्रक पाहून समितीला कौतुक वाटत नाही, अर्जदाराला खर्चाची कल्पना नाही असे वाटते. प्रत्येक शहरातल्या मुक्कामाचे आणि जेवणाचे दर अमेरिकेचे केंद्र सरकार आपल्या कर्मचाऱ्यांसाठी जाहीर करते. ते आधाराला घेऊन त्याखाली थोडे राहायचे, अशी रीत आहे. त्याप्रमाणे फिलाडेल्फियात दहा दिवस, बोस्टनमध्ये बारा दिवस, बसचा प्रवास, छायाप्रतींचे शुल्क आणि न्यूयॉर्क राज्यातल्या पोकिप्सी गावची एक फेरी, असे मिळून अडीच हजार डॉलर झाले. पोकिप्सीला कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीच्या तुकड्यात आनंदीबाईंच्या अस्थी ठेवलेल्या आहेत. गोपाळरावांनी त्या तिथे पाठवल्या होत्या.

एप्रिलमध्ये अठराशे डॉलर मंजूर झाले. पोकिप्सीची फेरी वगळावी, कारण तिथे वाचण्यासारखी सामग्री नाही, असे समितीने कळवले होते आणि बोस्टनचे दिवस कमी केले होते. घरी फोन केला तेव्हा आईने आकडा रुपयांत ऐकून आधी आनंद व्यक्त केला आणि मग विचारले, हातात कधी येणार? हा प्रश्न समितीने विचारलेल्या दोन प्रश्नांइतकाच नेमका होता.

कारण पैसे मंजूर होणे आणि पैसे मिळणे यांत बरेच अंतर असते. अनुदान दोन प्रकारे मिळू शकते. एक, खर्च आधी स्वतः करायचा आणि पावत्या जोडून भरपाई घ्यायची. दोन, पाठ्यवृत्ती म्हणून रक्कम आधीच मिळते. पहिल्यात कर कापला जात नाही, पण हाताशी दोन हजार डॉलर असावे लागतात. दुसऱ्यात एफ-१ विद्यार्थ्याच्या रकमेतून १४ टक्के कर आधीच कापून घेतात, कारण प्रवास आणि मुक्काम हे शिक्षण शुल्कासारख्या करमुक्त खर्चांत धरले जात नाहीत. माझ्याकडे शिल्लक नव्हती, म्हणून मी दुसरा मार्ग घेतला आणि अठराशेतून दोनशे बावन्न डॉलर गेले. वर रक्कम थेट बँकेत न येता विद्यार्थी म्हणून असलेल्या माझ्या खात्यात जमा झाली, तिथे आरोग्य विम्याचा एक हप्ता थकलेला होता आणि संगणकाने तो आधी वळता करून घेतला. कार्यालयातल्या बाईंनी पुष्कळ खटपट केली, पण तो हप्ता मला द्यायचाच होता, तेव्हा तक्रारीला जागा नव्हती. भारत-अमेरिका करारानुसार भारतीय विद्यार्थ्याला विवरणपत्र भरताना प्रमाणित वजावट घेता येते. ती सवलत सगळ्या परदेशी विद्यार्थ्यांना नाही. त्यामुळे पुढच्या वसंतात कापलेल्या करापैकी काही भाग परत आला. त्यासाठी कापलेल्या कराची नोंद असलेला १०४२-एस नावाचा कागद जपून ठेवावा लागतो. आमच्यापैकी दोघांनी तो रद्दी समजून टाकून दिला होता.

फिलाडेल्फियातले दिवस मी ठरवल्याप्रमाणे गेले असे म्हणता येणार नाही. पेन आत न्यायचे नाही, फक्त पेन्सिल. पिशवी बाहेर कपाटात. एका वेळी एकच फोल्डर टेबलावर. पहिले तीन दिवस मी आनंदीबाईंचे नाव शोधत राहिले, म्हणजे पुन्हा पहिल्या वर्षीचाच अर्ज जगत होते. चौथ्या दिवसापासून महाविद्यालयाचे वार्षिक अहवाल आणि सूचनापत्रे ओळीने वाचायला घेतली, तेव्हा काम सुरू झाले. बोस्टनला डॉल यांच्या अक्षराने घाम फोडला. आठ दिवसांत जे वाचायचे होते त्याचा तिसरा हिस्साही वाचून झाला नाही. उरलेल्या पानांसाठी पुढे न्यू इंग्लंडमधल्या संस्थांच्या एका सामाईक पाठ्यवृत्तीला अर्ज केला. त्यात निदान तीन संस्थांत मिळून आठ आठवडे काम करायचे असते. विभागाचे अठराशे डॉलर मिळालेले आहेत, ही ओळ त्या अर्जात सर्वांत उपयोगी ठरली असे मला वाटते. एकाने विश्वास टाकला की दुसऱ्याला टाकणे सोपे जाते. कल्याणच्या पतपेढीत जामीनदार मागतात त्याहून हे फार वेगळे नाही.

परतताना मी न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्थानकावरून पोकिप्सीची गाडी पकडली. हडसन नदीच्या काठाकाठाने जाणारी ती गाडी तिथेच संपते. तिकिटाचे पैसे माझे होते. दफनभूमीतली शिळा लहान आहे. तिच्यावर नाव, एम.डी. ही पदवी, १८६५ आणि १८८७ ही साले आणि शिक्षणासाठी भारत सोडणारी पहिली ब्राह्मण स्त्री, अशा अर्थाचा इंग्रजी मजकूर कोरला आहे. न्यूयॉर्क राज्यातल्या एका ख्रिस्ती कुटुंबाच्या थडग्यांमध्ये, इंग्रजी अक्षरांत, जात. अमेरिकन यजमानांना या पाहुणीत काय दिसत होते, हा प्रश्न घेऊन मी दोन शहरांतल्या पेट्या उघडल्या होत्या आणि त्याच्या उत्तराचा एक तुकडा उघड्यावर, पावसात उभा होता.

सप्टेंबरमध्ये अनुदानाचा अहवाल द्यायचा असतो: काय पाहिले, काय मिळाले, पैसे कसे खर्च झाले. मी पहिल्या परिच्छेदात त्या शिळेविषयी लिहिले आणि प्रबंधाचे दुसरे प्रकरण आता तिथून सुरू होईल असे कळवले. खर्चाच्या तक्त्यात पोकिप्सीच्या तिकिटासाठी रकाना नव्हता, तेव्हा ते तिकीट मी अहवालाला नुसतेच टाचून दिले.